२००० रुपयांचा हप्ता रानाला कसा लावायचा: सोलापूरच्या कोरडवाहू घरासाठी

मंगळवेढा, सांगोला, करमाळा, अक्कलकोट, कुठेही जा. दोन-अडीच एकर कोरडवाहू रान, एक-दोन जनावरं आणि वर्षाची ज्वारी एवढ्यावर चालणाऱ्या घरात आता तीन वाटांनी रोख पैसा येतो. पीएम किसानचे वर्षाला ६०००, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६००० आणि लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे. शेतकऱ्याचे दोन्ही हप्ते २०००-२००० चे असतात. ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर हे दोन्ही हप्ते येतात, तिला लाडकी बहीणचे १५०० ऐवजी ५०० मिळतात, कारण आधीचे १२००० म्हणजे महिन्याला १००० धरले जातात. घरातल्या बायका ‘माझेच कमी का’ म्हणून कागद घेऊन फिरतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

रक्कम लहान आहे. या पैशाने विहीर होत नाही की ट्रॅक्टर येत नाही. पण दुकानदाराची उधारी टाळायची असेल, तर खिशात लागते तीही एवढीच रक्कम. म्हणून पुढचा सगळा हिशोब वेळेचा आहे.

आधी पैसा अडतो कुठे ते बघा

पीएम किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की लाभार्थीची स्थिती दिसते. त्यात तीन गोष्टी तपासा: ई-केवायसी (ओळखीची खातरजमा), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडणं). यातली एकही ‘नाही’ असली तर हप्ता थांबतो, आणि तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या ठिकाणी होते. ई-केवायसी मोबाइलवर ओटीपीने किंवा सीएससी (सरकारी सेवा) केंद्रात होते. लँड सीडिंगसाठी सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याला, तहसील किंवा कृषी कार्यालयात जावं लागतं. आधार सीडिंगचं काम फक्त बँकेचं.

या तिसऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त घोळ होतो. पासबुकावर आधार नंबर लिहिला म्हणजे पैसा त्या खात्यात येईल असं नाही. सरकारी रक्कम आधाराला शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. एखाद्याने मधेच पेमेंट बँकेचं खातं उघडलं, अंगठा दिला आणि विसरला, की हप्ता तिकडे जातो आणि माणूस जुनं पासबुक घेऊन शाखेत हेलपाटे घालतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कोणती बँक जोडली आहे ते लगेच कळतं. बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

सुगीच्या दिवसांत बोटांचे ठसे उमटत नाहीत. ज्वारी काढून, कणसं मोडून बोटांची कातडी घासलेली असते. तेव्हा केंद्रावर दहा वेळा अंगठा दाबण्यात दिवस घालवू नका. पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहऱ्यावरून ई-केवायसी होते.

जमीन आजोबांच्या नावावर आणि कसतो नातू, असं असेल तर नातवाला हप्ता मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीलाही लाभ नाही. अपवाद वारसाचा: खातेदार वारला आणि वारस नोंद झाली, तर वारस अर्ज करू शकतो. म्हणून घरात मयत झालं की फेरफार रखडत ठेवू नका, आणि मयताच्या खात्यात आलेला हप्ता काढूही नका. तो परत मागितला जातो. वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याला या योजनेत काहीच नाही. त्याचं रान दुसऱ्याच्या नावावर आणि कष्ट त्याचे, तरी नाही. हा योजनेतला मोठा अन्याय आहे.

महिन्याचा पैसा चुलीला, हप्त्याचा रानाला

केनियाच्या रारीएडा भागात २०११ ते २०१३ च्या काळात गरीब घरांना विनाअट रोख देऊन पाहिली होती. काहींना ती महिन्याला थोडी-थोडी दिली, काहींना एकरकमी. महिन्याला मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची तंगी कमी झाली, तर एकरकमी मिळालेल्यांनी घराच्या पत्र्यासारख्या टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. आपल्याकडेही पैशाचा स्वभाव हाच आहे, त्याच्याशी भांडू नका. लाडकी बहीणचे पैसे बाईच्या खात्यात येतात, ते तेल, डाळ, पोरांची वही आणि दवाखाना यासाठीच राहू द्या. बी-खतासाठी त्यावर हात टाकला, की महिनाअखेरीला किराणा उधार येतो आणि रानाची उधारी फक्त चुलीकडे सरकते.

हप्त्याचा नियम एकच: आलेल्या हप्त्यावर पेरा, येणाऱ्या हप्त्यावर नाही. पीएम किसानचे टप्पे एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर आणि डिसेंबर-मार्च असे आहेत. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. ऑगस्ट-नोव्हेंबरचा हप्ता ऑगस्टमध्येही पडू शकतो आणि नोव्हेंबरमध्येही. त्याच्या भरवशावर थांबलं तर वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो, आणि आपल्या भागात तो परत येत नाही. त्यामुळे त्याच्या आधीचा हप्ता बाजूला काढून ठेवायचा.

एका हेक्टरचा हिशोब

मध्यम जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद लागतं. डीएपीची ५० किलोची एक गोणी घेतली की स्फुरद २३ किलो मिळतं आणि ९ किलो नत्रही येतं. उरलेल्या ३१ किलो नत्रासाठी सुमारे ६७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या दीड गोण्या. डीएपी १३५० रुपये आणि युरिया २६६.५० रुपये गोणी या दराने सगळं मिळून १७५० होतात. म्हणजे अडीच एकराचं खत एका हप्त्यात बसतं. अर्धी गोणी सुटी मिळत नसेल तर भावकीत किंवा शेजाऱ्याशी वाटून घ्या.

बी हेक्टरी १० किलो. मालदांडी ३५-१, फुले सुचित्रा, फुले माऊली ही सरळ वाणं आहेत, घरचं निवडलेलं बी चालतं, त्याला पैसा लागत नाही. फक्त बीजप्रक्रिया चुकवू नका: ३०० मेश गंधक (गंधकाची बारीक भुकटी) किलोला ४ ग्रॅम, म्हणजे १० किलोला ४० ग्रॅम. एवढ्यावर काणी हा बुरशीचा रोग रोखला जातो. काणी आलेल्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, आणि मळणीत ती सगळ्या राशीला लागते.

कोरडवाहूत सगळं खत पेरतानाच, दोन चाड्याच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बियाखाली द्या. वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीवर पडून राहतो आणि पैसा वाया जातो.

हातात अजून शे-दोनशे उरले, तर जास्तीच्या खतापेक्षा कोळपणीच्या (ओळींमधलं तण काढून माती हलवण्याच्या) मजुरीला ठेवा. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची, आणि शेवटची दातेरी कोळप्याने. डिसेंबरात काळ्या रानाला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, खालची ओल त्यातूनच उडते. त्या भेगा मातीने बुजल्या की ज्वारीचं ताट हिरवं राहतं, कडबाही भरतो.

दुकानात रोख घेऊन जाण्याचा खरा फायदा भावात दिसतो. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार युरियासोबत नको असलेलं टॉनिक गळ्यात बांधतो, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. रोखीवाला उठून दुसऱ्या दुकानात जातो. गोणीवरची छापील किंमत वाचा, पॉस मशीनची (दुकानातल्या विक्री नोंदवणाऱ्या यंत्राची) पावती मागा.

पीककर्ज थोडक्यासाठी थकवू नका

सोसायटीचं कर्ज मुदतीत भरलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. पुष्कळ घरं शेवटच्या दोन-तीन हजारांसाठी मुदत चुकवतात, मग व्याज पडतं, नवं कर्ज अडतं आणि सावकाराचं दार दिसतं. मुदतीच्या आधी येणारा हप्ता त्या खात्यासाठी राखून ठेवा.

राशीला हात लावायच्या आधी

फेब्रुवारी-मार्चात राशी होतात, बार्शीच्या बाजारात आवक वाढते आणि भाव पडतो. नेमका तेव्हाच देणी चुकवायला माल विकला जातो आणि श्रावणात तीच ज्वारी किराण्यातून किलोने विकत आणावी लागते. डिसेंबर-मार्चचा हप्ता इथे कामाला येतो: मजुरी, मळणी यंत्राचं भाडं आणि बारीक देणी त्यातून भागवा, म्हणजे खळ्यावर पोतं विकावं लागत नाही.

विकायच्या आधी घरचं धान्य मोजून वेगळं काढा. पाच माणसांच्या घरात दिवसाला दीड किलो पीठ धरलं, तर वर्षाला साडेपाच क्विंटल होतात. रेशनचं धान्य मिळत असेल तर त्यातून तेवढं वजा करा, पण पाहुणे आणि सणवारासाठी अर्धा क्विंटल वर ठेवा. बाकीचं विका.

ठेवायची ज्वारी दोन-तीन कडक उन्हं देऊन वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ओल आहे, एक ऊन द्या. वाळलेला माल गरम असताना कणगीत भरू नका, आतून घाम सुटतो आणि तळाशी बुरशी धरते. संध्याकाळी पसरून गार होऊ द्या, सकाळी सुकलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालून भरा, आणि कणगीखाली दोन विटा द्या. पावसाळा लागण्याआधी एकदा हात खालपर्यंत घालून बघा. पीठ हाताला लागलं तर सोंडे (धान्य पोखरणारे किडे) लागले असं समजा. त्याच दिवशी सगळी काढून, चाळून, पुन्हा उन्हात टाका.