ताजे बीट पहिल्यांदा शिजवताना

मंडईतून बीट घेताना मुठीत मावेल एवढे, घट्ट आणि शक्यतो पाल्यासकट घ्यावे. फार मोठ्या बीटाचा गाभा कधीकधी दोरकट निघतो. घरी आल्यावर पाला लगेच वेगळा करावा, कारण तो कंदातला ओलावा ओढत राहतो. मात्र देठाचा बोटभर भाग आणि खालची शेपटी तशीच ठेवावी.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे बीट आधी सोलून, फोडी करून उकडणे. बीटाचा लाल रंग पाण्यात सहज विरघळत असल्याने अशा वेळी रंग आणि गोडवा दोन्ही पाण्यात जातात. म्हणून बीट चोळून धुवावे आणि अख्खेच कुकरच्या भांड्यात थोड्या पाण्यासह ठेवून मध्यम आचेवर ४ ते ५ शिट्ट्या कराव्यात. सुरी सहज आत गेली की झाले. कोमट असताना साल अंगठ्याने सरकते. त्या वेळी पांढरा सदरा अंगात नसावा, हे अनुभवाचे बोल आहेत.

कोशिंबिरीसाठी बीट किसून त्यात दाण्याचे कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि तूप-जिरे-हिरव्या मिरचीची फोडणी घालावी. दही मात्र पाने वाढतानाच कालवावे, म्हणजे पाणी सुटत नाही. मातकट वास नकोसा वाटल्यास लिंबू पिळावे. पाला टाकू नये, लसणाच्या फोडणीवर त्याची परतून भाजी उत्तम होते.

दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसल्यास, बीट खाल्ल्याचे आठवावे.