पोथी, नकाशा, मोडी कागद: वरून फोटो घेताना कॅमेरा कशावर बसवावा

कागदपत्रांचे डिजिटायझेशन शिकायला आलेला नवखा पहिल्यांदा कॅमेऱ्याची चौकशी करतो. खरे तर आधी ठरवायची ती स्टँडची उंची.

तुमच्याकडे येणारा सर्वांत मोठा कागद मोजा. तो ए३ असेल (४२० × २९७ मि.मी.), तर कडेची मोकळी जागा आणि रंगपट्टी (फोटोतले रंग ताडून बघायची पट्टी) धरून चौकटीत ४८० मि.मी. रुंदी हवी. फुल-फ्रेम (३६ मि.मी. रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ५० मि.मी. लेन्स असेल तर सेन्सर कागदापासून सुमारे ७७ सें.मी. वर जातो. तीच लेन्स एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली की हे अंतर १ मीटर १२ सें.मी. होते आणि मीटरभर खांबाचा कॉपी स्टँड (पाट आणि उभा खांब असलेला, कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड) अपुरा पडतो. तिथे ३५ मि.मी. लेन्स घ्या, काम ७९ सें.मी.वर भागते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात या मांडणीत इंचाला ३१७ पिक्सेल मिळतात. मोडी वाचायला ते पुरतात.

मधला दांडा आडवा होणारा ट्रायपॉड अधूनमधून दोन-चार कागदांसाठी ठीक. एक पाय कॅमेऱ्याच्याच दिशेने, टेबलाखाली सरकवा, म्हणजे तोल जात नाही आणि पाय चौकटीतही येत नाही. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याइतक्या वजनाची वाळूची पिशवी बांधा, पण लोंबकळती नको. तिचा झोका फोटोत उतरतो. रोज शंभर पाने करायची असतील तर मात्र ट्रायपॉडचा नाद सोडा.

पैसे कमी असतील तर डार्करूममधला जुना एन्लार्जर (फिल्मवरून मोठे फोटो छापायचे यंत्र) शोधा. वरचे डोके काढले की जड पाट आणि खांब तयारच मिळतो. घेताना खांबावरचा आडवा दांडा पूर्ण वर नेऊन टोक हलवून बघा. डुगडुगत असेल तर घेऊ नका. खांब तिरका असेल तर उंची बदलताना कॅमेरा पुढे-मागेही सरकतो, म्हणून प्रत्येक वेळी कागद नव्याने मध्यावर आणावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सेन्सर आणि कागद यांच्या समांतरतेला. एका अंशाचा कल राहिला तरी ए३ची एक कड समोरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मि.मी. लहान दिसते. नकाशा मोजायचा असेल तर एवढ्याने तो निकामी होतो. स्पिरिट लेव्हलने फक्त सुरुवात करा, कारण टेबलच कललेले असू शकते. पाटावर मध्यभागी सपाट आरसा ठेवा, त्यातल्या लेन्सच्या प्रतिबिंबावर फोकस करा आणि लेन्सचा मध्य चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत हेड (कॅमेरा बसवायचा फिरता सांधा) फिरवा. बॉल हेड (गोळ्यावर फिरणारे) घट्ट करताना किंचित सरकतेच, म्हणून आवळल्यावर आरसा पुन्हा बघा. गिअर्ड हेडला (दात्यांच्या चाकांनी थोडे थोडे फिरणाऱ्या) हा त्रास नाही.

झूम लेन्स खाली तोंड करून टांगली की स्वतःच्या वजनाने घसरते आणि दहाव्या पानापर्यंत चौकट बदललेली असते. फिक्स्ड (झूम नसलेली) लेन्स वापरा, नाहीतर झूमच्या रिंगवर टेप लावा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा. पंखा बंद करा: त्याने कागद उडतो आणि लांब दांडाही थरथरतो. आणि कॅमेऱ्याला स्टँडशी वेगळी दोरी बांधाच, खाली दुसरी प्रत नसलेला कागद असतो.