क्रोशा शिकताय? आधी टाका ओळखा

क्रोशा म्हटलं की अजूनही टीव्हीवरचा रुमाल आणि दारावरचं तोरण डोळ्यांसमोर येतं. माझ्या आत्याकडे दोन्ही होतं. मला मात्र याची ओढ लागली ती नोकरी सुरू झाल्यावर. दिवसभर स्क्रीनसमोर बसून घरी आलं की हातांना काहीतरी करावंसं वाटायचं. आता पिशवीत सुई-लोकर कायम असते आणि लोकलमध्ये ती बाहेर काढली की शेजारची एखादी तरी विचारतेच, "अवघड असतं का हो?" तिला जे सांगते तेच सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात जाड दोऱ्याने करा. आत्या एक मिलिमीटरच्या बारीक स्टीलच्या सुईवर सुती दोऱ्याचे रुमाल विणायची. ते काम सुंदर असतं, पण नव्या माणसाला त्यात टाका दिसतच नाही. चार किंवा साडेचार मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सुई आणि फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळी किंवा केसाळ लोकर तूर्त नको. कोणत्या लोकरीला किती नंबरची सुई, हे बहुतेक वेळा लडीवरच्या कागदावर छापलेलं असतं. पुण्यात असाल तर तुळशीबाग किंवा बोहरी आळीत जाऊन लोकर हाताने चाचपून घ्या, फोटोवरून जाडी कळत नाही. गरम भांड्याखाली ठेवायचं काही विणणार असाल तर सुती दोराच वापरा. अॅक्रिलिक उष्णतेने वितळतं.

टाके मुळात थोडेच आहेत. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्यांवर खूप काही होतं. साखळीत सुईवरच्या फासातून नुसता दोरा ओढायचा. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा की सुईवर दोन फास होतात, ते एकदम सोडवायचे. खांबात सुईवर आधी एक वेढा घ्यायचा, मग दोरा ओढायचा. तीन फास झाले की दोन-दोन करून सोडवायचे. हात बसायला काही संध्याकाळी पुरतात.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. व्हिडिओ बघून हात हलवता येतो, पण व्हिडिओ थांबला की पुढचा टाका कुठे घालायचा ते कळत नाही. म्हणून विणलेला तुकडा हातात धरून नीट बघा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धाग्यांचा व्हीसारखा आकार दिसतो. एक व्ही म्हणजे एक टाका. सुई त्या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. हा व्ही ओळखता आला की टाके मोजता येतात, आणि मोजता आले की कुठलाही नमुना आवाक्यात येतो.

शिकणाऱ्या बहुतेकांचा चौकोन वर निमुळता होत जातो. कारण नेहमी काठावर असतं. खांबाची ओळ सुरू करताना आपण तीन साखळ्या घालतो आणि त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीतला पहिला खांब धरतात. परतताना शेवटचा टाका या साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. त्या खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून तेवढा टाका राहून जातो. दर ओळीत एक गेला की दहा ओळींत दहा गेले. मुक्या खांबाला मात्र एकच साखळी घालतात आणि ती सहसा मोजत नाहीत. दोन्ही काठांच्या टाक्यांना रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठेवा.

गोल विणतानाही मोजणीच कामाला येते. मुक्या खांबाचं वर्तुळ सपाट राहायला दर फेरीत सहा टाके वाढवतात: 6, 12, 18, 24. खांब असतील तर बारा-बारा. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. जपानी पद्धतीच्या छोट्या बाहुल्या, म्हणजे अमिगुरुमी, याच वाढवण्या-घटवण्यातून आकार घेतात. फक्त त्यांना लडीवर लिहिलेल्यापेक्षा बारीक सुई घ्या, नाहीतर आतला कापूस दिसतो. डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अशीच झालर मुद्दाम, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत विणली आणि विद्यार्थ्यांच्या हातात अतिवलयी प्रतलाचं (हायपरबोलिक प्लेन, म्हणजे सपाट न राहता सगळीकडे झालरीसारखा वळत जाणारा गणितातला पृष्ठभाग) टिकाऊ प्रारूप दिलं. मला हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ झालरच विणत बसले होते!

इंग्रजी नमुने वापरताना तो अमेरिकी आहे की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकेतला सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमधला डबल क्रोशे, दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. आणि चुकलं तर बिनधास्त उसवा. क्रोशात बहुतेक वेळ सुईवर एकच फास असतो, त्यामुळे दोन सुयांच्या विणकामासारखे टाके निसटण्याची भीती नाही.

थोडा हात बसला की कुणीतरी म्हणतं, "मला एक करून दे ना, पैसे देते." इथे मी कळकळीने सांगते, नुसत्या लोकरीचे पैसे घेऊ नका. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्रावरची लेस स्वस्तात मिळते, पण ती वीण वेगळी. खरा क्रोशा हातानेच होतो. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या घरी बसून विणत आल्या, त्यांची लेस परदेशात गेली आणि त्यांच्या हाती फार थोडं पडलं. फावल्या वेळातलं काम म्हणून त्याची मजुरी कुणी धरलीच नाही. तुम्ही मात्र पहिल्या ऑर्डरपासून वहीत दोन रकाने ठेवा, एकात लोकरीचा खर्च, दुसऱ्यात लागलेले तास, आणि किंमत दोन्हींची बेरीज करून सांगा. मैत्रिणीला भेट द्यायची असेल तर खुशाल द्या, पण ती भेट आहे हे तिला आधीच कळू दे.