टॅबलेटवर सिंथ वाजवता? मग या चुका टाळा

गेले दोन-तीन महिने आमच्या वाजवणाऱ्यांच्या गोटात टॅबलेटवरच्या एका नव्या सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर घडवणारं वाद्य) ॲपची चर्चा आहे. नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत ज्याच्याकडे टॅबलेट आहे त्याने ते घेतलं, चार दिवस वाजवलं आणि मत देऊन मोकळा झाला. आमचा गिटारवाला म्हणतो, "कानात भारी वाजतं, स्टेजवर पातळ." तबलजी म्हणतात, "सूर उशिरा येतो." एका गायिकेचं मत, "आवाज गोड आहे, पण सुरात नाही."

मी हे ॲप दोन महिने रोज वाजवतोय आणि तीन कार्यक्रमांत वापरलंय. वरची तिन्ही मतं प्रामाणिक आहेत, पण तिन्हींमध्ये ॲपचा दोष नाही. आयपॅडवर ॲनिमूग हे सिंथ ॲप आलं ते २०११ साली. तेव्हापासून ॲपं कितीतरी बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. दर दिवाळीच्या तोंडावर मला तेच फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

पेटीशी सूर न जुळवता बसायला जाणं

गायिकेच्या तक्रारीचं मूळ इथे, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. बहुतेक सिंथ ॲपं उघडली की त्यांतली मधल्या सप्तकातली पांढरी सहा (सहावी पांढरी कळ, इंग्रजीत A) ४४० हर्ट्झवर लागलेली असते. आपल्या पेट्या तशा असतातच असं नाही. जुनी पेटी दोन-तीनदा ट्यून झालेली असते, रीड घासून सूर चढवलेले असतात. एक ४४२ ला निघते, दुसरी ४४५ ला. एकटी वाजवली तर कुणाला काही खटकत नाही. शेजारी सिंथ लावला की भांडण सुरू.

तीन वर्षांपूर्वीची पाडवा पहाट. एका वसाहतीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला कार्यक्रम होता. थंडी चांगली पडलेली, लोक शाली गुंडाळून सतरंजीवर बसलेले. मी मिक्सरवर होतो. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा टॅबलेट घेऊन गाणाऱ्या बुवांच्या मागे बसला होता. अहिर भैरवाच्या आलापाखाली त्याने हलका पॅड, म्हणजे लांब धरलेला मऊ सूर, धरायचा, एवढंच काम. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा सा पहिल्या काळ्या कळीवर. पेटी घरातली, जुनी, गोड. पेटी आणि तानपुरा एकमेकांशी लावलेले. मुलाने घरून ॲपमध्ये काळी एक शोधून ठेवली होती आणि त्याच्या मते तयारी झाली होती.

बुवांनी सा लावला, पेटीने धरला आणि मग पॅड आत आला. दोन क्षणांत स्पीकरमधून लाट ऐकू यायला लागली. वूं-वूं-वूं, सेकंदाला तीन वेळा. बुवांनी डोळे उघडले. पेटीवाल्या काकांनी मान वळवून मागे बघितलं. मुलगा घाबरला आणि त्याने जे करू नये तेच केलं, ट्रान्सपोजचं बटण दाबलं. ट्रान्सपोज एका वेळी आख्खा अर्धा स्वर सरकवतो, म्हणजे १०० सेंट. फरक होता २० सेंटचा. आता सा च्या अंगावर जवळजवळ कोमल रिषभ चढून बसला. मी मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढला, पण बुवांचा पहिला आलाप तिथेच मोडला होता. पुन्हा सा लावून त्यांनी सुरुवात केली, पण पहाटेचा पहिला सा एकदाच लागतो.

कार्यक्रमानंतर बुवा त्याला रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुझा सूर चांगला आहे. पण तो आमच्या घरातला नाही."

लोक पांगल्यावर काकांनी पेटी पुन्हा उघडली. त्यांनी भाता मारत काळी एक धरून ठेवली आणि मुलाने ॲपमध्ये तीच पट्टी दाबली. मास्टर ट्यून (सगळे सूर एकत्र बारीक सरकवणारी सेटिंग) ४४० वर असताना तीच लाट, सेकंदाला तीन. ४४३ वर नेल्यावर लाट लांबली, सेकंदाला जेमतेम एक. ४४४ वर ती झोपाळ्यासारखी सावकाश हलत होती. ४४५ वर थांबली, आणि पेटी कुठली, पॅड कुठला हे ओळखू येईना. त्या मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते बघून मला सकाळचं दुःख थोडं कमी वाटलं. आकडा काय हे त्याने वहीत लिहिलंच, पण लाट थांबते म्हणजे काय हे त्याच्या कानाला कळलं, ते जास्त मोलाचं.

माझी सवय सांगतो. स्टेजवर गेलो की वायर लावण्याआधी मी पेटीवाल्यांकडे जातो, नमस्कार करतो आणि म्हणतो, "काका, सा द्या." हेडफोनचा एक कान लावतो, दुसरा मोकळा ठेवतो. मास्टर ट्यून हळूहळू सरकवत लाट थांबेपर्यंत ऐकतो. ट्यूनरच्या मीटरवर बघून करत नाही. मीटर वापरणं चूक नाही, पण लाट कानाने पकडता यायलाच हवी, कारण तासाभराने मीटर बघायला वेळ नसतो. तानपुऱ्याचं ॲप वेगळं असेल तर तेही त्याच पेटीला लावायचं. आणि हे सगळं पडदा उघडायच्या पंधरा मिनिटं आधी. "तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांना तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही.

याच्याच पोटातली आणखी एक चूक. सूर जुळला तरी पॅडमध्ये आख्खी कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार स्वर) धरू नका, निदान रागाच्या आलापाखाली तरी नको. ॲपमधला शुद्ध गंधार बारा समान भागांच्या हिशेबातला, सा पासून ४०० सेंटवर. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ च्या आसपास. म्हणजे गायक जो गंधार लावतो त्याच्यापेक्षा तुमचा चौदा सेंट चढा, आणि तो तुम्ही सतत त्याच्या कानात ओतताय. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, तो चालून जातो. म्हणून सा आणि पंचम धरा. राग पंचमवर्ज्य असेल तर फक्त सा. गंधार गायकाचा, त्याला लावू द्या.

"कानात भारी, स्टेजवर पातळ"

गिटारवाल्याचं म्हणणं मी स्वतः त्याच्या घरी जाऊन ऐकलं. हेडफोनमध्ये आवाज खरंच आभाळभर पसरतो. पण तो पसरतो कशामुळे? डाव्या आणि उजव्या कानाला थोडा वेगवेगळा आवाज जातो म्हणून. कोरस (एकाच आवाजाच्या किंचित वेगळ्या प्रती मिसळणारा इफेक्ट) आणि रुंदीचे इफेक्ट हेच करतात. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत साउंडवाले दादा कीबोर्डला एकच लाइन देतात. तिथे डावा-उजवा एकत्र आले की एकाची लाट वर आणि दुसऱ्याची खाली अशा जागी दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. नेमका आवाजाचा गाभाच जातो. उरतो तो भुसा.

वायरीची चूक वेगळीच. टॅबलेटचं हेडफोनचं भोक स्टिरिओ असतं, डावा-उजवा आवाज वेगळा देणारं. त्यात कन्व्हर्टर लावून गिटारची साधी मोनो वायर खुपसली की उजवी बाजू थेट ग्राउंडला टेकते. अर्धा आवाज गेला, शिवाय टॅबलेटच्या आउटपुटवर नको तो ताण. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता माझ्या पिशवीत एक जादा वाय केबल असते, दुसऱ्यांसाठी. एका टोकाला स्टिरिओ पिन, दुसरीकडे दोन मोनो पिना, दोन डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी) आणि मिक्सरवर दोन चॅनल. नव्या टॅबलेटांना हेडफोनचं भोकच नसतं, आयपॅड प्रोचं तर २०१८ पासून गेलं. तिथे यूएसबी-सीला छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज बाहेर काढणारी डबी, लावा. दहा रुपयांची बचत करायला कुठलाही ॲडॉप्टर उचलून आणू नका.

एकच लाइन मिळणार असेल तर घरीच ॲपचं आउटपुट मोनो करून ऐका. कोरस निम्म्यावर आणा. रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) तर जवळजवळ बंदच करा, कारण सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतो आणि साउंडवाले वरून आणखी टाकतात. घरी कोरडा वाटणारा आवाज हॉलमध्ये बरोबर बसतो. हे नव्या मुलांना पटत नाही. त्यांना प्रीसेट (ॲपमध्ये तयार मिळणारा आवाज) ऐकल्याबरोबर अंगावर काटा यायला हवा असतो. प्रीसेट बनवणाऱ्याने तो दुकानात विकला जावा म्हणून बनवलाय. बुवांच्या मागे, तबल्याच्या शेजारी, पेटीच्या खाली बसावा म्हणून नाही. ते काम आपलं.

ब्लूटूथ

तबलजींचं उत्तर एका ओळीत, ब्लूटूथ स्पीकर बंद करा. ब्लूटूथवर आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे पाव मात्रेपेक्षा जास्त मागे. तबलजींनी हे पकडलं नसतं तरच नवल. वायर लावा, ॲपमध्ये बफर (आवाजाचे किती नमुने साठवून मग वाजवायचे तो आकडा) २५६ वर ठेवा. ४८००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) हा साडेपाच मिलिसेकंदांपेक्षा कमी उशीर झाला, स्पीकरपासून दोन पावलं लांब बसल्यासारखा. तडतड ऐकू आली तर मागची उघडी ॲपं बंद करा, तरी राहिली तर ५१२. ६४ वर वाजवण्याचा हट्ट ज्यांना आहे त्यांनी तो घरी करावा.

ऊन

एप्रिल-मेमध्ये गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, संध्याकाळचा कार्यक्रम असला की साउंड चेक चार वाजता होतो. घाटाचा दगड तापलेला, वर पत्रा किंवा नुसतं कापड. ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड शून्य ते ३५ अंशांत वापरावा, आणि नाशिकचा पारा त्या दिवसांत चाळिशीला टेकतो. काळ्या काचेचा टॅबलेट उन्हात पाठीवर पडलेला असेल तर आधी स्क्रीन मंद होते, मग आवाज तुटतो, मग स्क्रीनवर फक्त तापमानाची सूचना. त्यानंतर थंड होईपर्यंत काही करता येत नाही. मी जाड कव्हर काढतो, टॅबलेट स्टँडवर उभा ठेवतो म्हणजे मागून हवा लागते, आणि साउंड चेक झाला की सावलीत नेतो. बर्फाची पिशवी किंवा ओला रुमाल लावू नका, आत दमट हवा धरते.

छोट्या, पण रोजच्या

चार्जर लावल्यावर घूं आवाज येतो तो मंडपाच्या अर्थिंगचा. डीआय बॉक्सवरची ग्राउंड लिफ्टची कळ दाबा, नाहीतर पूर्ण चार्ज करून या आणि चार्जर काढून वाजवा.

यूएसबी कीबोर्ड टॅबलेटच्याच बॅटरीवर चालवू नका. वीज देणारा हब घ्या.

पिच बेंड, म्हणजे सूर वाकवण्याची मर्यादा, बहुतेक ॲपमध्ये दोन अर्ध्या स्वरांवर असतो. सा ते शुद्ध गंधार मींड (न तुटता घसरत जाणारा सूर) घ्यायची तर तो चारवर न्या, आणि मग हाताला पुन्हा सवय करा. एका संध्याकाळीत होत नाही.

काचेवर वाजवताना बोटाचा जोर बहुतेक ॲपना कळत नाही. १९७० च्या मूळ मिनीमूग सिंथलाही कळत नव्हता, तरी लोकांनी त्यावर रडवलं. डावा हात फिल्टरवर (आवाजाचा तेजपणा कमी-जास्त करणारी पट्टी) ठेवा आणि आवाजाची उघडझाप तिथून करा. या नव्या ॲपमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. फिल्टरची पट्टी अंगठ्याखाली येते आणि हळू उघडली तर सूर दार उघडल्यासारखा पुढे येतो.

पाचशे प्रीसेट चाळू नका. एक साधी सॉ-टूथ लाट (करवतीच्या दातांसारख्या आकाराची, सिंथचा मूळ आवाज) घ्या आणि आठवडाभर फक्त फिल्टर आणि एन्व्हलप (सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग) फिरवा. अटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) वाढवला की काय होतं, रिलीज (कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) कमी केला की काय होतं, हे हाताला कळू द्या. माझ्याकडे कार्यक्रमाला बारा आवाज असतात, त्यातले सात मीच बनवलेले. ज्याला पहिल्या दिवशी सगळं हवं असतं तो महिनाभरात दुसरं ॲप शोधायला लागतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि वाईट वाटतं, कारण त्यांतल्या काहींचा कान फार चांगला असतो.

कार्यक्रमाच्या आठवड्यात ना ॲप अपडेट करा, ना टॅबलेटची सिस्टिम. ऑटो-लॉक 'कधीच नाही' वर, एअरप्लेन मोड सुरू. आणि अलार्म हाताने बंद करा, कारण एअरप्लेन मोडमध्येही तो वाजतो. पहाटेच्या कार्यक्रमाला तर हमखास, कारण त्यासाठीच तुम्ही तो लावलेला असतो.