ओटीच्या दाराशी वही घेऊन

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं काढून मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात आलो. टोयोटा, तिथली उत्पादन पद्धत घडवणारे ताइइची ओनो, मुदाचे म्हणजे वाया जाणाऱ्या कामाचे सात प्रकार, कामाची जागा आवरण्याची फाइव्ह एस पद्धत, सगळं पाठ होतं. महिनाभरात ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सुतासारखी सरळ करू, असा माझा होरा. पहिल्याच दिवशी ओटी इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, आधी चपला बदला." बाहेरच्या चपलांनी मी लाल रेषा ओलांडली होती.

या कामात येणाऱ्यांना माझी चूक आधी सांगतो. फाइव्ह एसची सुरुवात नको त्या वस्तू हलवण्यापासून होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना खोलीत एक ओपन सेट, म्हणजे पोट उघडायची वेळ आली तर लागणारी अवजारं, पडून असतो. तीन आठवडे तो कुणी उघडला नाही, म्हणून मी तो स्टोअरला पाठवला. चौथ्या आठवड्यात एका केसमध्ये पोट उघडावं लागलं आणि सिस्टर जिन्याने धावल्या. पेशंट सुखरूप राहिला; सर्जन मात्र महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पडून राहणं हेच त्या सेटचं काम होतं, हे मला कारखान्याने शिकवलं नव्हतं. टाइमआउटचंही तसंच. चिरा देण्याआधी सगळे थांबून पेशंटचं नाव, बाजू, ऑपरेशन मोठ्याने म्हणतात, ते मला वेळ घालवणं वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेची ही चेकलिस्ट २००८ची. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास २००९मध्ये छापून आला. त्यात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. त्या थांबण्याला हात लावायचा नाही.

मग करायचं काय? उभं राहायचं. ओनो नवख्या माणसाला जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करायचे म्हणतात. मी ओटीच्या दाराशी उभा राहिलो. वहीत दोनच वेळा लिहायच्या: पेशंट बाहेर कधी गेला, पुढचा आत कधी आला. सर्जनच्या हातांवर घड्याळ लावू नका. माणूस दुखावतो आणि वेळ तिथे सापडत नाही.

नऊची केस पावणेदहाला लागायची. सगळे भूलतज्ज्ञांवर ढकलायचे. वही वेगळंच सांगत होती: कन्सेंटवर सही नाही, पेशंट भूल द्यायला फिट आहे का हे ठरवायला मागवलेला रिपोर्ट फाइलला लावलेला नाही. तरी सकाळची काही मिनिटं हिशेबात बसेनात. शेवटी ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनीच उलगडा केला. "साहेब, साडेआठला लिफ्टमध्ये नाश्ता असतो. आम्ही पेशंट घेऊन उभे." नाश्त्याची गाडी आठला निघायला लागली. खर्च शून्य.

पुढचा टप्पा जपानी अभियंते शिगेओ शिंगोंच्या विभागणीचा. मशीनवरचं काम बदलताना ते विचारायचे: मशीन थांबवूनच करावं लागणारं काम कोणतं, चालू असताना उरकता येणारं कोणतं? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात एका सर्जनसाठी दोन टेबलं असतात. एक मोतीबिंदू होईतो शेजारचा पेशंट तयार. पोटाच्या ऑपरेशनला दोन पेशंट एका खोलीत घ्यायचे नाहीत, पण सलाइनची सुई, बाजूची खूण, फाइल हे प्री-ऑपमध्ये, म्हणजे ऑपरेशनआधीच्या खोलीत, आधी होऊ शकतं. फरशी पुसणं आणि अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची सायकल यांतून मिनिटं काढायला जाऊ नका. लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा, सेट एकच असेल, तर तो निर्जंतुक होईतो दुसरी केस चालेल अशी ऑपरेशनांची यादीच लावा.

सिस्टरच्या कपाटात टाके, कॅथेटर, ग्लोव्ह्जचा चोरसाठा असतोच. कारखान्यातल्या सवयीने मी तो 'जादा साठा' म्हणून लिहून घेतला. त्यांनी मला जुनी इंडेंट बुकं, म्हणजे स्टोअरकडे केलेल्या मागणीच्या वह्या, दाखवली: मागितलेलं आणि मिळालेलं यांत कधी चार दिवस, कधी नऊ. आम्ही स्टोअरशी बोलून दोन डब्यांची पद्धत बसवली. एक रिकामा झाला की तो स्टोअरला जातो, तोवर दुसरा चालतो. कपाट अजून आहे. चावी सिस्टरकडेच असते, पण परवा आत पाहिलं तर निम्म्या कप्प्यात चहाचे कप होते.