सोन्यावर अझोबेंझीनचा उजेडाने चालणारा स्विच कसा बसवायचा

भो, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हे घेतलं असशील तर आधी एक गोष्ट डोक्यात ठेव, रेणू सोन्याला सपाट चिकटला की तो सहसा हलत नाही. अझोबेंझीन म्हणजे उजेडाने आकार बदलणारा रेणू, सरळ असतं तेव्हा त्याला ट्रान्स म्हणतात, 365 नॅनोमीटरच्या यूव्हीने वाकलं की सिस, आणि 450 च्या निळ्या उजेडाने परत सरळ. पण धातूला टेकलेल्या रेणूला उजेडातून मिळालेली एनर्जी धातू लगेच ओढून घेतो, वाकायला वेळच मिळत नाही. म्हणून त्याला धातूपासून उचलून धरावं लागतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी टर्ट-ब्युटाइलचे (कार्बनचे फुगीर गट) चार पाय लावलेलं अझोबेंझीन सोन्यावर उजेडाने वाकवून दाखवलं, तेही एसटीएमखाली (एकेक रेणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) एकेक रेणू बघून.

आपण थायॉलचा, म्हणजे टोकाला गंधक असलेल्या रेणूचा, रस्ता धरायचा. गंधक सोन्याला धरतो, मधे कार्बनची साखळी, वर अझोबेंझीन. आता जागेचं बघ, केळी लावताना आपण पाच बाय पाच फूट सोडतो ना, दाट लावली तर पानं एकमेकांत अडकतात, इथंही तेच होतं, म्हणून सोबत साधं छोट्या साखळीचं, अझोबेंझीन नसलेलं अल्केनथायॉल मिसळायचं. सुरुवात निम्मं-निम्मं, मग कमीजास्त करून बघ.

सोनं सराफ बाजारातलं 22 कॅरेट नको, त्यातलं तांबं-चांदी पण थायॉल धरतं आणि रिझल्ट कशामुळे आला तेच कळत नाही. काचेवर शुद्ध सोन्याचा पातळ थर दिलेली स्लाइड घे, इथेनॉलने धू, दोन्ही थायॉल मिळून 1 मिलिमोलरच्या इथेनॉल द्रावणात अंधारात रात्रभर बुडवून ठेव, मग परत इथेनॉलने धुऊन नायट्रोजनने वाळव.

मग पाण्याचा थेंब ठेवून कॉन्टॅक्ट अँगल, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोज. सिस जास्त पोलर, म्हणजे पाण्याला जास्त धरणारं, म्हणून यूव्हीनंतर अँगल थोडा उतरतो, निळ्याने परत चढतो. फरक काही अंशांचाच असतो, त्यामुळे एका थेंबावर विश्वास ठेवू नको, आणि अझोबेंझीन नसलेली एक स्लाइड सोबत हवीच, नाहीतर यूव्हीने थायॉलच खराब होत असेल तरी आपल्याला स्विचच वाटेल. डोळ्याला यूव्हीचा चष्मा लाव.

माझे पहिले सॅम्पल ट्यूबलाइटखाली राहून वाया गेले, तिच्यातला निळा उजेड सिसला परत ट्रान्स करतो, तेव्हापासून खोलीत लाल दिवाच. आणि सिस उष्णतेनेसुद्धा आपोआप सरळ होतं, जळगावच्या मे महिन्यात बंद लॅबमध्ये तर अजून लवकर, म्हणून रीडिंग सकाळी घे आणि प्रत्येक रीडिंगसमोर खोलीचं टेंपरेचर लिही.