मैफलीचं तिकीट काढताना जादाचे पैसे कसे वाचवावेत

गेल्या डिसेंबरात आई, मावशी आणि मी अशा तिघींसाठी भावगीतांच्या एका कार्यक्रमाची तिकिटं ॲपवरून काढत होते. पुण्यातलंच नाट्यगृह, जाहिरातीत तिकीट ७९९ रुपये. मी मावशीला फोनवर "आठशे-आठशे पडतील गं" असं सांगूनही टाकलं. जागा निवडल्या, नाव-नंबर भरला, आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर आले तर आकडा होता ३,०८६ रुपये ३४ पैसे. वर घड्याळ उलटं पळत होतं: पाच मिनिटांत पैसे भरा, नाहीतर जागा सुटतील. आईला पायऱ्या चढायला नकोत म्हणून कडेच्या तीन खुर्च्या मुश्किलीने मिळाल्या होत्या. भरले पैसे.

संध्याकाळी ती पावती घेऊन बसले आणि एकेक ओळ वहीत उतरवली. त्या दिवसापासून तिकीट काढायची माझी पद्धत बदलली. तीच इथे क्रमाने सांगते.

आधी पावती फोडून बघा

माझ्या पावतीत तीन तिकिटांचे २,३९७ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३१ रुपये ४६ पैसे. मग 'सुविधा शुल्क', ज्याला सगळे कन्व्हिनियन्स फी म्हणतात, ते तिकिटामागे ७२ प्रमाणे २१६ रुपये. त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३८ रुपये ८८ पैसे. आणि सगळ्यात खाली तिकिटामागे एक रुपया असे मदतनिधीचे तीन रुपये. त्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली होती. मला कुणी विचारलंच नव्हतं.

एकूण ६८९ रुपये वर गेले. त्यातले ४७० रुपये कराचे, ॲपवाल्यांचे २१६. हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण आपण सरसकट "ॲपने लुटलं" म्हणतो आणि मग चुकीच्या ठिकाणी वाचवायला जातो. कर टाळता येत नाही, पण एका ठिकाणी तो लागतच नाही. शुल्क बऱ्याचदा टाळता येतं. आणि ते तीन रुपये तर एका बोटाने काढता येत होते.

एक खबरदारी: काही कार्यक्रमांच्या जाहीर किमतीत कर धरलेला असतो, काहींच्या नसतो. किमतीखाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचल्याशिवाय दोन कार्यक्रमांच्या किमतींची तुलना करू नका.

पाचशे रुपयांची रेघ लक्षात ठेवा

हे मला ती पावती बघून शोधताना कळलं. नाटक, नृत्य, सर्कस, संगीताचा कार्यक्रम यांच्या प्रवेशाची किंमत माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर तिकिटावर जीएसटी माफ आहे. पाचशेच्या वर एक रुपया जरी गेला तरी पूर्ण किमतीवर १८ टक्के लागतो. म्हणजे ५०० चं तिकीट ५०० लाच, आणि ५०१ चं थेट ५९१ रुपये १८ पैशांना. एवढ्या कार्यक्रमांची तिकिटं नेमकी ४९९ ची का असतात, ते यावरून लक्षात येईल.

आता माझ्याच कार्यक्रमात मागच्या रांगांचं तिकीट ४९९ होतं. जाहिरातीत फरक ३०० रुपयांचा दिसतो. शुल्क तेवढंच धरलं तरी हातात येताना मागचं तिकीट ५८४ ला आणि पुढचं १,०२८ ला पडलं असतं. खरा फरक ४४४ रुपये, माणशी. गायनाच्या कार्यक्रमात, ध्वनियोजना बरी असलेल्या नाट्यगृहात, मागे बसून काहीच बिघडत नाही. नाटकाला मात्र मी पुढचंच तिकीट काढेन, कारण तिथे चेहरे दिसायला हवेत.

रेघ माणशी आहे, एकूण बिलावर नाही. चार तिकिटं एकत्र काढली म्हणून कर लागत नाही, वेगवेगळी काढून तो वाचतही नाही. आणि सुविधा शुल्कावरचा १८ टक्के कर मात्र तिकीट कितीचंही असो, लागतोच.

जागा निवडायच्या आधी शेवटचं पान बघून या

घड्याळ सुरू झालं की माणूस हिशेब करत नाही, घाबरतो. म्हणून विक्रीच्या गडबडीत पडण्याआधी, निवांत वेळी, कुठलीही एक जागा निवडून पैसे भरायच्या पानापर्यंत जा, एकूण आकडा लिहून घ्या आणि मागे या. पैसे भरले नाहीत तर ती जागा काही मिनिटांत आपोआप सुटते. मग तेच एका तिकिटाऐवजी दोन घेऊन करा. शुल्क दुप्पट झालं तर ते तिकिटामागे आहे. तसंच राहिलं तर ते व्यवहारामागे आहे, आणि मग मैत्रिणींनी मिळून एकाच वेळी काढण्यात फायदा आहे. घरपोच तिकिटाचा खर्च असेल तर तोही असाच तपासा.

त्याच पानावर खालपर्यंत जाऊन आधीच केलेल्या खुणा काढा: देणगी, विमा, खाण्याचं कूपन, जे असेल ते. ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू टाकणं याला आपल्याकडे आता अधिकृतपणे अनुचित मानलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्या, यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे. न विचारता भर घालणं त्यात आहे, सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, म्हणजे ड्रिप प्रायसिंग, आहे, आणि खोटी घाई निर्माण करणंही आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "सुविधा शुल्क घेणं बेकायदा आहे, परत मागा" असे मेसेज फिरत असतात. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांवर असं शुल्क घ्यायला मनाई करणारे आदेश काढले होते हे खरं. पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. तेव्हा शुल्क घेतलं एवढ्यावर भांडून उपयोग नाही. ते शेवटपर्यंत लपवून ठेवलं, हा आपला मुद्दा. अमेरिकेत मे २०२५ पासून कार्यक्रमाच्या तिकिटाची सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणं बंधनकारक झालं आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पहिल्या पानावरचा आणि शेवटच्या पानावरचा आकडा जरूर ताडून बघावा. आपल्याकडेही असा स्पष्ट नियम व्हावा असं मला मनापासून वाटतं.

जिथे खिडकी आहे तिथे खिडकी गाठा

नाटकांच्या आणि बऱ्याच मराठी वाद्यवृंदांच्या बाबतीत आपलं नशीब अजून चांगलं आहे. पुण्यातली बालगंधर्व आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृहं, ठाण्याचं गडकरी, दादरचं शिवाजी मंदिर, इथे तिकीटखिडकी आहे. पेपरातल्या जाहिरातीत बुकिंग कधी सुरू आणि खिडकीची वेळ काय, ते छापलेलं असतं. वेळ बहुधा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी असते, दुपारी जाऊन हेलपाटा होतो.

मी आता शक्य तिथे जातेच. काचेपलीकडे आसनांचा कागदी तक्ता पसरलेला असतो. "किती? कुठली रांग?" असं विचारून काका पेन्सिलीचं टोक जागांवर ठेवतात. मी सांगते, आईला गुडघ्याचा त्रास आहे, दाराजवळची कडेची द्या. ते दोन क्षण तक्ता बघतात आणि म्हणतात, "मग जी नको, एच घ्या, तिथे पायरी नाही." हे कुठल्याही ॲपने मला आजवर सांगितलेलं नाही.

पैशांचा हिशेबही मांडते. त्या भावगीतांच्या कार्यक्रमाला खिडकीवर गेले असते तर शुल्क आणि त्यावरचा कर मिळून २५५ रुपये वाचले असते. तिकिटावरचा कर वाचला नसता. घरापासून रिक्षाने जाऊन-येऊन दोनशे लागणार असतील तर ॲपच परवडलं. कामावरून येताना वाटेत नाट्यगृह असेल तर खिडकी.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची तिकिटं पुण्यातल्या काही ठरलेल्या दुकानांमधूनही मिळत आली आहेत. अशा कार्यक्रमांची जाहिरात शेवटपर्यंत वाचा, 'तिकिटे येथे उपलब्ध' ही ओळ तळाशी असते.

मोठ्या कार्यक्रमाची ऑनलाइन रांग

खिडकी नसलेल्या मोठ्या कार्यक्रमांचं काय? कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जानेवारी २०२५ च्या नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता सुरू झाली. तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत, एका माणसाला जास्तीत जास्त चार. आधी १८ आणि १९ जानेवारी जाहीर होते, मागणी बघून त्याच दिवशी २१ तारीख वाढवली. लाखो लोक हात हलवत परतले.

अशा रांगेत अनेकदा विक्रीआधी एक 'प्रतीक्षा खोली' उघडते, आणि वेळ झाली की आत असलेल्या सगळ्यांना सोडतीसारखे क्रमांक मिळतात. मग पहाटेपासून बसून फायदा नाही, पण वेळ होण्याआधी आत असणं मात्र जरूर. क्रमांक मिळाल्यावर पान रिफ्रेश करू नका. खातं आदल्या दिवशीच उघडून, लॉगिन करून ठेवा. यूपीआयने भरणार असाल तर आपल्या बँकेची रोजची मर्यादा बघून घ्या. चार तिकिटांची रक्कम त्या मर्यादेबाहेर गेली की व्यवहार शेवटच्या टप्प्यावर अडकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करासकट, शुल्कासकट जास्तीत जास्त किती देणार, ते आदल्या रात्री ठरवून कागदावर लिहा. घरी दोघं-तिघं प्रयत्न करणार असाल तर तो आकडा सगळ्यांना माहीत हवा. पहिली विक्री हुकली तरी नाउमेद होऊ नका. तारखा वाढतात, राखून ठेवलेल्या जागा नंतर खुल्या होतात. कोल्डप्लेच्या वेळी दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, सुमारे दोन हजार रुपयांची काही तिकिटं पुन्हा विक्रीला आली होती. म्हणून आयोजकांच्या अधिकृत खात्यावर लक्ष ठेवा.

चढ्या भावाने घेऊ नका

तिकिटं संपल्याबरोबर टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर "दोन तिकिटं आहेत, अर्जंट" सुरू होतं. कोल्डप्लेच्या वेळी मागितलेल्या किमती लाखांवर गेल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्डप्ले आणि दिलजित दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळाबाजाराबद्दल ईडीने पाच राज्यांत छापे टाकले. तरी तिकिटांच्या पुनर्विक्रीला लगाम घालणारा खास कायदा आपल्याकडे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये याबद्दलची जनहित याचिका फेटाळताना हा विषय कायदेमंडळाचा आहे असंच म्हटलं. थोडक्यात, फसलात तर तुम्हाला सोडवणारं कुणी लगेच येणार नाही.

क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट एकाच वेळी दहा जणांना विकता येतो. दारावर जो आधी स्कॅन करेल तो आत, बाकीचे नऊ बाहेर. मित्राकडून घेत असाल तर ॲपमधूनच तिकीट तुमच्या नावावर हस्तांतरित होतं का ते बघा आणि ते झाल्यावरच पैसे द्या. अनोळखी माणसाला पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवता येण्याची शक्यता तेवढ्या वेळात सगळ्यात जास्त असते.

पैसे गेले आणि तिकीट आलं नाही

घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी ॲपमधली 'माझी तिकिटं' उघडा, मेल आणि मेसेज बघा. कधी कधी तिकीट झालेलं असतं, पान तेवढं अडकलेलं असतं. खरोखरच झालं नसेल आणि यूपीआयने पैसे गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. बँकेशी बोलताना हा नियम नेमकेपणाने सांगा, आणि व्यवहार क्रमांक समोर ठेवा.

तक्रार कशी करावी

आधी कंपनीला ॲपमधून किंवा मेलवर लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतून बोलता येतं. मी त्या तीन रुपयांसाठी फोन केला होता. भाऊ म्हणाला, तीन रुपयांसाठी कशाला? मी म्हटलं, तीन रुपये माझ्या पावतीत आहेत, तशा पावत्या किती असतील? जाहिरातीचं पान, खूण आधीच केलेलं पान आणि पावती असे तीन स्क्रीनशॉट मी जोडले. आठवड्याभरात रक्कम परत आली.

रक्कम मोठी असेल, कार्यक्रम रद्द होऊनही परतावा मिळत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा फोन बदलताना ते स्क्रीनशॉट आधी दुसरीकडे उतरवून घ्या.